उसन्या सिस्टर

"ही सिस्टर रोज तुमच्या मुलीजवळ असते ना?" तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हिले मी आज पहिल्यांदा पाहून राहिली."

खोलीत बरीच माणसं होती. त्या सिस्टरने मान खाली घातली. ऑपरेशन करणारे डॉक्टर खिडकीतून बाहेर पाहायला लागले. बाहेर पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं. पलंगावर माझी मुलगी होती. मानेजवळच्या नळीतून तिला पांढरं सलाइन चालू होतं. तिने डोळे मिटून घेतले. जावई उशाशी उभा होता. तो हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मामी, तुम्ही मारलं तिले."

बाईंनी दुसऱ्या सिस्टरकडे बोट केलं. "आणि ही?"

"हीही नाही."

"आणि पोटाचे डॉक्टर? हे रोज येतात?"

सुटाबुटातला एक माणूस पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. सकाळी तो दवाखान्याच्या गाडीतून उतरताना मी पाहिला होता. ड्रायव्हर त्याला विचारत होता, साहब, वापस रायपुर आज ही जाना है ना?

"हे पाहुणे आहेत," मी म्हटलं.

त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

माझ्या मुलीचं सासर केशोरीला. आमचं गाव कामठ्याच्या बाजूला. सोयरीक जमवायला गेलो तेव्हा मी त्यांच्या ढोलीत हात घातला होता. ढोली म्हणजे धान ठेवायची बांबूची कणगी, शेणाने सारवलेली. आमच्याकडे मुलीकडची म्हातारी बाई हे करतेच. वरून धान दिसतं, पण खाली कोंडा भरलेला असू शकतो, म्हणून कोपरापर्यंत हात घालायचा आणि खालची मूठ वर काढून पाहायची. त्याच्या आधी एका घरी मी मूठ काढली तर कोंडा निघाला. आम्ही चहा न पिता उठलो. केशोरीची ढोली अर्धीच होती. जावयाची आई दारातच म्हणाली, "अर्धी आहे बाई, खोटं कायले सांगू." मी तरी हात घातला. धान होतं. मुलगी दिली.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी मुलीच्या आतड्याला पीळ पडला. आधी पोट दुखलं, मग उलट्या. घरच्यांनी जीप करून गोंदियाला आणली, गोंदियाहून नागपूरला पाठवली. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलं होतं. काळं पडलेलं आतडं परत लाल होत नाही. त्यांनी ते कापून काढलं आणि बाहेर येऊन किती उरलं ते हाताने दाखवलं. विळ्याच्या मुठीएवढं होतं.

मी विचारलं, "मग जेवलेलं जाईन कुठं?"

"जेवायचं नाही."

"किती दिवस?"

ते परत आत गेले. डॉक्टर तरुण होते, हात चांगला होता. त्या दिवशी त्यांनी पोट उघडलं नसतं तर पुढचं काहीच लिहायला उरलं नसतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तेव्हापासून मुलगी पांढऱ्या सलाइनवर. ते दुधासारखं दिसतं. त्यात सगळं असतं म्हणतात: तेल, साखर, मीठ. पोटाला काही कळत नाही, रक्ताला कळतं. तिची मुलगी लहान होती, ती केशोरीला आजीजवळ राहिली. मी आणि जावई नागपूरला. मी खाली मेसमध्ये जेवून वर आले की ती विचारायची, "माय, काय खाल्लं?"

"वरण-भात."

"वरणात काय होतं?"

"वरणात डाळ होती."

"अजून?"

"अजून काय राहील वं? मेसचं वरण आहे."

ती भिंतीकडे तोंड करायची. पुढे मी जरा वाढवून सांगायला लागले. आज वांगं होतं, आज लाखोळीच्या डाळीचे वडे होते. मेसमध्ये वडे कधीच नव्हते.

या पांढऱ्या जेवणाची दोन भ्यावं. एक, ते लिव्हर खराब करतं. दुसरं, नळी नीट धुतली नाही तर तिच्यातून जंतू सरळ रक्तात जातात. नळी लावायला केरळची एक सिस्टर होती. बुटकी, फटकळ. कोपरापर्यंत हात धुवायची आणि मग कोणी जवळ आलं की ओरडायची, "छूना नहीं! पीछे!" जावयालाही ओरडायची, मोठ्या डॉक्टरांनाही ओरडायची. तिची सुट्टी असली की दुसरी कोणी नळी लावायची, आणि मग मुलीला थंडी वाजून ताप यायचा. दात वाजायचे. दोन वेळा असं झालं. दोन्ही वेळा आम्हाला बाहेर काढून पडदा लावला. पडदा लावला की काय समजायचं ते वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही वेळा ती त्यातून निघाली. तिसऱ्या वेळची खात्री कोणी देत नव्हतं.

मग तिचे डोळे पिवळे व्हायला लागले. डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की आता दुसऱ्याचं आतडं लावावं लागेल. जिवंत माणसाला थोडं देता येतं. आईचं जुळलं तर बरं. नवरा माझा आधीच गेला होता. भाऊ-बहीण तिला नाही.

"काढा," मी म्हटलं.

"असं लगेच काढता येत नाही, मावशी. तुमची तपासणी करावी लागेल, आणि त्याआधी आमची."

"तुमची कायची?"

त्यांनी समजावलं. किडनी बदलायची परवानगी या दवाखान्याला होती. आतड्याची वेगळी लागते. हे काम नवीन, देशात फार थोड्या ठिकाणी झालेलं. कोणत्या दवाखान्याला करू द्यायचं, तिथला सर्जन किती शिकलेला पाहिजे, सोबत कोण कोण पाहिजे, याचे नियम एक समिती तेव्हा ठरवत होती. तीच समिती तपासायला येणार होती. नियम लिहायचे आणि आम्हाला तपासायचं, दोन्ही कामं तिचीच.

"म्हणजे परीक्षा घेता घेता पुस्तक लिहिणार?"

"जवळपास तसंच," ते म्हणाले.

माझ्या तपासण्या झाल्या. जुळलं. रक्तही तेच निघालं. आतडं किती देणार ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मी चौथी शिकलेली आहे, चित्र मला कळतं. माणसाच्या पोटात ते इतकं लांब असतं हे मला माहीत नव्हतं. एवढं असून माणसाचं पोट भरत नाही.

समोरच्या पलंगावर सडक अर्जुनीचा एक ट्रकवाला होता. त्याच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गाठ झाली होती. त्याचंही आतडं गेलेलं, त्यालाही पांढरं सलाइन. त्याच्या बायकोचं रक्त जुळलं नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाचंही नाही. त्यामुळे त्याला मेलेल्या माणसाचं आतडं मिळायची वाट पाहायची होती, आणि त्यासाठीही आधी दवाखान्याला परवानगी पाहिजे होती. तो चेष्टेखोर होता.

"मावशी," तो म्हणायचा, "इतकी वर्षं हायवेवर गाडी चालवली, कोणाले धक्का लावला नाही. आता पस्तावा होऊन राहिला. एखादा ठेवला असता उधारीत."

"गप बसा जी," त्याची बायको म्हणायची. "लोक आयकून राहिले."

"आयकू दे. तुमच्या पोट्टीचा नंबर पहिला मावशी, माझा दुसरा. परमिट आलं की दोन्ही गाड्या एकाच दिवशी सुटतीन."

आमच्या मुलीला तेवढ्याने हसू यायचं. हसलं की टाके ओढायचे. मग ती त्याला शिव्या द्यायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी मॅनेजर वॉर्डात आला. तो गोंदियाचाच होता, बाजारात त्याच्या घरच्यांचं दुकान होतं, बोलायचा हिंदीत. "अम्मा, कल बड़े साहब लोग आएंगे. पूछेंगे तो बोलना सब बढ़िया है."

"बढ़िया तो है," मी म्हटलं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड ओळखू येईना. नव्या चादरी, दाराशी फुलांच्या कुंड्या, आणि सहा-सात नव्या सिस्टर, नव्या कोऱ्या गणवेशात. त्यातली एक माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, इथे संडास कुठे आहे हो?"

मी सांगितलं. डावीकडे, जिन्याच्या मागे, कडी लागत नाही, पाय लावून बसावं लागते.

ती गेली. मग मी तिच्या छातीवरची पाटी पाहिली. त्यावर तिचं नाव होतं आणि खाली आमच्या वॉर्डाचं नाव. दुसऱ्या सिस्टरच्या पाटीवरही तेच. नंतर कळलं, की मॅनेजरने शहरातल्या दुसऱ्या एका दवाखान्यातून त्या दिवसापुरत्या उसन्या आणल्या होत्या, जशी आपण शेजारून साखर आणतो. पोटाचे डॉक्टर रायपूरहून. आहाराची बाई कुठून आली ते मला कळलं नाही, पण तिने ट्रकवाल्याला विचारलं, "सकाळी नाश्ता केला का?" त्याला पोटात थेंब पाणीसुद्धा घ्यायला बंदी होती.

"केला," तो म्हणाला. "दोन समोसे."

तिने ते लिहून घेतलं.

केरळच्या सिस्टरला त्या दिवशी सुट्टी दिली होती. खरी तीच होती, पण ती मोठ्याने बोलते.

समिती आली. तीन पुरुष आणि एक म्हाताऱ्या डॉक्टरबाई, त्यांच्या प्रमुख. आधी ते बाजूच्या खोलीत बसले. दार उघडं होतं आणि मी बाहेर स्टुलावर. मला इंग्रजी येत नाही, पण ही माणसं भांडताना मराठीत भांडत होती.

एक म्हणत होता, आतडं बदलायची इतकी ऑपरेशनं केलेला सर्जन पाहिजे, आकडा पक्का लिहा. दुसरा म्हणाला, "तेवढी केलेला माणूस या राज्यात दाखव. आकडा मोठा लिहिला तर कोणीच बसत नाही. नाही लिहिला तर उद्या हर्नियावालासुद्धा अर्ज करेल."

"लिव्हर बदलणाऱ्याला चालवून घ्या."

"लिव्हर म्हणजे आतडं नव्हे. आतड्यात जंतू भरलेले असतात. ऑपरेशन निम्मं काम, पुढचं वर्ष निम्मं."

मग बाई बोलल्या. त्यांचा आवाज चढत नव्हता. "सर्जनने दुसऱ्याच्या हाताखाली किती केली तेही धरू. अनुभव थोडा कमी असेल तर सशर्त परवानगी देऊ, एक वर्ष देखरेखीखाली. पण कापणारा एक आणि नंतर सांभाळणारा एक, दोन वेगळी माणसं, दोघंही याच दवाखान्यात नोकरीला. नळी सांभाळणाऱ्या सिस्टर कायमच्या. यात सूट नाही. कापणाऱ्यात मी थोडं कमी चालवून घेईन, सांभाळणाऱ्यात नाही."

बाहेर येताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "तुम्ही देणाऱ्या का? आई?"

"हो."

"तुम्हाला काय वाटतं, कसा डॉक्टर असावा?"

मी म्हटलं, "धान रोवण्याले नवी बाई आली का आम्ही तिले दोन जुन्या बायांच्या मधात उभी करतो. एकटीले शेतातली बांधी देत नाही. रांग वाकडी गेली तर बाजूची सरळ करते."

त्यांच्यातला तरुण डॉक्टर हसला. "मॅडम, हे तर आपल्या मसुद्यात दुसऱ्या पानावर आहेच."

"आहे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, मी काही नवीन सांगते आहे. त्यांच्याजवळ ते आधीच लिहिलेलं होतं. बरं वाटलं. आपल्या पोरीच्या पोटात हात घालू देणारे लोक एवढं तरी समजून आहेत.

नंतर ते वॉर्डात आले, सगळे सोबत, आणि बाईंनी मला तो प्रश्न विचारला.

मला पुष्कळांनी विचारलं, तुम्ही खरं काऊन बोलल्या. माझ्याजवळ मोठं उत्तर नाही. मी विचार करून बोलले नाही. बाईंनी सिस्टरकडे बोट दाखवलं आणि मला तो पडदा आठवला, आणि ते दात वाजणं. या पोरीला संडास कुठे आहे ते माहीत नाही. माझं आतडं काढून मुलीला लावणार, आणि संध्याकाळी ही पोरगी आपल्या दवाखान्यात परत जाणार. मग नळी कोण धुणार?

समितीने त्याच दिवशी नाही म्हटलं. बाईंनी सर्जनला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमचा अनुभव कमी आहे हे आम्हाला कागदावरून माहीत होतं. म्हणूनच तर सशर्त परवानगीची वाट ठेवली होती. तुमच्याजवळ तयार सिस्टर एक आहे, पोटाचा डॉक्टर नाही, असं खरं सांगितलं असतं, तर मी लिहिलं असतं, तीन महिन्यांत माणसं नेमा आणि सुरू करा. आता मला काय खरं आणि काय नाही तेच कळत नाही. पुढच्या वर्षी अर्ज करा."

सर्जन मॅनेजरकडे पाहत राहिले. मॅनेजर कुंडीकडे. ती कुंडीही उसनीच होती, संध्याकाळी टेम्पोत गेली.

जावयाने मला जिन्यात गाठलं.

"आमच्या ढोलीत हात घातला तसा इथंही घातला तुम्ही."

"हो."

"आता काय करू मी? कुठं नेऊ तिले?"

"तुमची ढोली अर्धी होती, जवाईबापू. तुमच्या मायनं सांगितलं, अर्धी आहे. म्हणून पोट्टी दिली."

"मामी, पुढचं एक वर्ष नाही तिच्याजवळ. अर्धं नाही. तुमच्या ढोलीचं काय करू मी?"

त्याचं बरोबर होतं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, फार दिवस. काही सांगायचं असलं की भिंतीला सांगायचा, "कोणी तरी औषध आणा." मी आणायचे.

मुलगी माझ्याशी बोलली. संध्याकाळी तिने विचारलं, "माय, काय खाल्लं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"बरं," ती म्हणाली.

सर्जन दोन दिवस वॉर्डात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते फोन कानाला लावूनच. दक्षिणेत त्यांचे गुरू होते, त्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले होते. तिथे परवानगी होती. "ते घेतात म्हणाले," त्यांनी जावयाला सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. दाराशी गेल्यावर वळले. "मावशी, मी केलं असतं. नीट केलं असतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल मले विचारलंच नाही कोणी."

पैसा कसा उभा केला ते इथे लिहीत नाही. तो उभा केला एवढंच.

ट्रकवाल्याला नेता येत नव्हतं. त्याचं लिव्हर मुलीपेक्षा जास्त खराब झालं होतं. डॉक्टर म्हणाले, गाडीतच संपेल. आणि तिकडे मेलेल्या माणसाच्या आतड्याची यादी वेगळी, त्यात आधी तिकडची माणसं. त्याच्यासाठी नागपूरचीच परवानगी कामाची होती. निघायच्या दिवशी मी त्याच्या पलंगाजवळ गेले.

"तुमची गाडी सुटली, मावशी," तो म्हणाला.

"हो."

"माझी सायडिंगले लागली. मेसचा समोसा खाऊन पाहीन म्हणतो."

त्याची बायको खालून चहा घेऊन आली. ती मला म्हणाली, "तुमच्याजवळ द्यायले आतडं होतं, मावशी. आमच्याजवळ फक्त नंबर होता. तो तुम्ही काढून घेतला."

तिनेही आवाज चढवला नाही. मी उभी राहिले. चहा थंड होत होता. तिने तो मला दिला नाही आणि स्वतःही प्यायली नाही.

रेल्वेत केरळची सिस्टर आमच्यासोबत होती. तिला तशीही गावाला जायचं होतं, वाट तीच होती, असं ती म्हणाली. वाट तीच नव्हती, मी नंतर लोकांना विचारलं. रस्ताभर ती नळीपाशी बसली आणि डब्यातल्या प्रवाशांना ओरडत राहिली, "छूना नहीं! पीछे!" चणेवाल्यालासुद्धा. ताप आला नाही.

तिकडचा दवाखाना मोठा होता. भाषा कळत नव्हती. जावई कागद करायला गेला, मुलीला आत घेतलं, आणि मी वॉर्डाच्या दाराशी बसले. एक सिस्टर गेली. मी तिला विचारलं, "बाथरूम?" तिने न थांबता उजवीकडे हात केला. दुसरी गेली. "बाथरूम?" उजवीकडे. तिसरीलाही विचारलं. चौथा एक डॉक्टर होता, त्यालाही विचारलं. त्याने मोबाइलवर बोलता बोलता उजवीकडे दाखवलं. मग एक म्हातारी आया आली, तिने माझा दंड धरला आणि मला सरळ संडासात नेऊन सोडलं. तिला वाटलं, या बाईला फारच घाई आहे.

मी आत गेले. कडी लागत होती.

तिथेही एका टेबलामागे माणसं बसली होती. एकाला हिंदी येत होतं. तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का, त्याने विचारलं. नाही. तुम्हाला काही झालं तर चालेल का? "चालणार नाही," मी म्हटलं. "धानकापणीले जायचं आहे." त्यांनी ते आपसात सांगितलं आणि सही घेतली. मी पूर्ण नाव लिहिलं, अक्षर चांगलं आलं.

माझं ऑपरेशन झालं, तिचं झालं. मी आधी उठले. पोटाला आडवी शिवण होती, खोकलं की ती तुटेल असं वाटायचं. तिला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. कापणारे डॉक्टर दोन-तीन दिवस येत होते, मग कमी झाले. त्यानंतर दुसरे यायला लागले, सांभाळणारे. ते पोटावरच्या भोकातून नळी घालून आतडं आतून पाहायचे. आज गुलाबी आहे, आज गुलाबी आहे. एक दिवस म्हणाले, गुलाबी नाही. माझं आतडं तिच्या अंगाला परकं वाटायला लागलं होतं. तिला ताप नव्हता, दुखत नव्हतं, तिला स्वतःलाही काही कळलं नव्हतं. त्यांनी औषध वाढवलं. आठवडाभर कोणी आमच्याशी नीट बोललं नाही. मग परत गुलाबी.

त्या आठवड्यात जावई कँटीनमधून आला आणि माझ्यासमोर ग्लास धरला.

"मामी, चहा घेता?"

"घेतो."

एवढंच. मागचं त्यानेही काढलं नाही, मीही नाही.

मुलीला पहिल्यांदा दही-भात दिला तेव्हा मी तिथे होते. चमच्याचं टोक भरेल एवढा. तिने तो किती तरी वेळ तोंडात धरला. सिस्टर, सांभाळणारे डॉक्टर, आम्ही दोघं, सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने गिळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आम्ही परत आलो तेव्हा रोवणे सुरू होते. तिला शेतात जायची बंदी होती, गर्दीत जायची बंदी होती, कच्चं खायची बंदी होती. औषधं जन्मभर. ती केशोरीला दारात बसून लोकांना ओरडायची, "छूना नहीं! पीछे!" तिची मुलगीही ते शिकली.

त्या नागपूरच्या दवाखान्याला पुढच्या वर्षी सशर्त परवानगी मिळाली. पोटाचा डॉक्टर कायमचा नेमला, केरळच्या सिस्टरला प्रमुख केलं आणि तिने आपल्या हाताखाली सिस्टर तयार केल्या. सर्जनने तिथे पहिलं ऑपरेशन केलं, ते दुसऱ्या कोणाचं तरी होतं. चांगलं झालं असं ऐकलं. मॅनेजर आता तिथे नाही, गोंदियाला दुकानात बसतो. मी त्याच्याकडून साबण घेते. तो मला ओळखत नाही किंवा तसं दाखवतो.

सडक अर्जुनीला मी एकदा उतरले होते, बस बदलायला. ट्रकवाल्याची बायको हायवेवर एका ढाब्यात पोळ्या करते. तिने मला पाहिलं. "पोट्टी कशी आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, जेवते. तिने मान हलवली आणि तव्यावरची पोळी उलटली. माझी बस लागली होती.

माझी मुलगी जगली. मी जगले. ट्रकवाला परवानगी यायच्या आधी, पावसाळ्यात, त्याच पलंगावर मेला.